दाऊदचाचा आणि बोटीवरचा संडास

जुम्म्याची नमाज पढून घरी आले की दाऊदचाचा आधी संडासाला तेल पाजायचे, मग स्वतः जेवायला बसायचे. तेल साधे नव्हे, घाण्यावरचे करडईचे. घरात फोडणीला जे वापरायचे तेच. पळीभर तेल चिनी मातीच्या भांड्यात सोडून ते बाजूच्या पितळी पंपाचा दांडा सावकाश वरखाली करायचे आणि कान देऊन ऐकायचे. दांड्याची कुरकुर थांबली की म्हणायचे, "हां, पिलं त्यानं." लोहाऱ्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. गल्लीतल्या बायका म्हणत, आमच्या लेकरांच्या डोक्याला तेल मिळेना आणि ह्यांच्या संडासाची दर जुम्म्याला दिवाळी.

तो संडास मुळात शिडाच्या बोटीवरचा. चाचा तरुणपणी मुंबईला गेले आणि एका इंग्रज साहेबाच्या बोटीवर खलाशी झाले. शीड आणि दोर सांभाळायला दुसरी माणसे होती. चाचांच्या वाट्याला बोटीच्या पोटातली कामे आली, म्हणजे नळ, झडपा, पंप आणि संडास. हे सांगताना ते संकोचत नसत. "बोट एवढीशी, माणसं चार," ते म्हणायचे. "शीड फाटलं तर लोकं एकमेकाला धीर देत्यात. संडास तुंबला की कुणी कुणाशी बोलत न्हाई."

साहेब विलायतेला गेला आणि बोट मोडीत निघाली. बाकीच्यांनी दोर, कंदील, शिडाचे कापड असे काय काय नेले. चाचांनी संडास मागून घेतला. पंपासकट तो गोणपाटात बांधून लोहाऱ्याला आणला. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, त्या सालानंतरची ही गोष्ट. ते परत आले तेव्हा त्यांचा भाऊ राहिला नव्हता. भावाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. गोणपाट बरीच वर्षे खाटेखाली पडून होते.

मग चाची माळवदावरून पडल्या. वर शेवया वाळत घातल्या होत्या, त्या काढून उतरताना शिडी सरकली. कंबर गेली. लोहाऱ्यात तेव्हा चांगल्या घरांतून डब्याचे संडास होते. वर बसायचे, खाली डबा, वर राख टाकायची आणि सकाळी गावाचा मैला वाहणाऱ्या गिरजाने येऊन डबा न्यायचा. चाचींना बसताच येईना. खाटेखाली टोपले ठेवायचे आणि गिरजाने ते न्यायचे, एवढाच मार्ग उरला होता. चाचींनी त्याला नकार दिला नाही. त्यांनी फक्त जेवण सोडले, मग पाणीही घोटभरावर आणले. पोटात काही गेले नाही की बाहेर काही येणार नाही, असा त्यांचा हिशेब.

गिरजा त्यांच्यावर रागावली होती. "चाची, गावाचं नेते म्या. तुमचं काय जड हाय का मला?"

"गावाचं तू डब्यातून नेतीस," चाची म्हणाल्या. "हे माझ्या अंगाखालचं हाय. नक्को."

त्या दिवशी चाचांनी गोणपाट सोडले.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो याच सुमारास. मी तेव्हा पत्रके छापून घरोघर वाटत होतो. डब्याचे संडास बंद झाले पाहिजेत, माणसाच्या डोक्यावरून माणसाचा मैला जाता कामा नये, असे त्यात होते. ते आजही मला तितकेच खरे वाटते. चाचांनी पत्रक हातात घेऊन चिमटीत चोळून पाहिले आणि आणखी दोन मागितली. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पत्रके तेलात भिजवून, गोल कापून, पंपाच्या जोडात बसवलेली. "कागद एक नंबर हाय," ते म्हणाले. "थेंब गळत न्हाई. छापत जा." तेव्हापासून ते मला पेपरवाले म्हणू लागले.

त्यांनी संडास चाचींच्या खाटेला लागूनच बसवला. बोटीत तसाच असतो, बिछान्यापासून हातभर अंतरावर. कडेला विहिरीच्या पाण्याचे पिंप. त्यातून पंप पाणी ओढी, भांडे धुई आणि सगळे नळातून भिंतीपलीकडच्या झाकलेल्या खड्ड्यात ढकली. नळ त्यांनी सरळ नेला नाही. भिंतीवर छातीएवढा वर चढवून मग खाली उतरवला. लोक हसले. संडास माळवदावर न्यायचा आहे का, असे विचारू लागले. चाचा म्हणाले, "समोर दर्या असू दे का खड्डा. गेलेलं परत घरात येऊ द्यायचं न्हाई."

राहत्या खोलीत, चुलीपासून चार हातांवर संडास, आणि तो स्वतःच्या हाताने उघडून धुणारा माणूस! काहींनी त्यांच्या घरचा चहा बंद केला. शेजारच्या एका म्हाताऱ्याने त्यांना चारचौघांत विचारले की दाऊद, तू आता कोणत्या जातीचा? चाचा म्हणाले, "खलाशी." गिरजाने सगळे नीट पाहून घेतले, दांडा दोनदा हलवला आणि म्हणाली, "माझं एक घर सुटलं. बाकीची कवा सुटत्यात?"

खाटेवरून सरकून चाची तिथे बसू शकत. दांडाही स्वतः हलवत. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी आणि अंबाड्याची भाजी मागितली आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या. चाचा त्यांच्याकडे बघत बसले होते. मी यावर लिहू का म्हणून विचारले तर म्हणाले, "माझं लिव्ह. मशीनचं लिव्ह. तिचं नाव छापायचं न्हाई." मी ते कधी छापले नाही.

यंत्राचे लाड खूप होते. विहिरीचे पाणी जड. नळात पांढरा थर धरे, म्हणून महिन्याकाठी चिंचेचे पाणी भरून ठेवायचे. तेल दट्ट्याच्या चामड्यासाठी. सगळ्यांत नाजूक म्हणजे नळाच्या तोंडची रबराची झडप. ती ओठांसारखी, बाहेर जाऊ देणारी, आत न घेणारी. काही वर्षांनी ती कडक व्हायला लागली. अजून चालत होती, पण चाचांना भरवसा वाटेना. नवे रबर बघायला ते एस.टी.ने सोलापूरला गेले. चाचींजवळ राहायला चाचींचीच थोरली बहीण जळकोटहून आली. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. चाचांनी तिला दांडा दाखवला. पाणी आणि दांडा, दुसरे काही नाही, असे सांगितले आणि गेले.

सोलापुरात रबर मिळेना. एका दुकानदाराने मागवून देतो म्हणून थांबवून ठेवले. इकडे पंप अडकला. मी गेलो तेव्हा खाला दांड्याला लोंबकळत होत्या. मीही जोर लावून पाहिला, हलला नाही. चाचींनी जेवण त्याच दिवशी सोडले होते. उन्हाळा होता. खालांनी हातापाया पडून पाहिले, गिरजा टोपले घेऊन दारात बसून राहिली. चाची दोघींशीही गोड बोलल्या, पण पाणी प्यायल्या नाहीत. पुढे ताप चढला, मग बोलणे थांबले. चाचा रबर घेऊन आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले, एवढेच. दुसऱ्या दिवशी दफन झाले.

यानंतरचे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. चाचा गेले, मागच्या पावसाळ्यात खालाही गेल्या, म्हणून लिहितो.

घरातली माणसे पांगल्यावर चाचांनी पंप खोलला. मी पाटी धरून बसलो होतो. झडपेचे रबर शाबूत होते. दट्ट्याभोवती आणि नळाच्या तोंडाशी करड्या रंगाचे काहीतरी गच्च बसले होते, सिमेंटसारखे. चाचांनी ते टोकदार सळईने खरवडून पाटीत पाडले. एक तुकडा बोटांत चुरला, नाकाशी नेला आणि हात धुतले. ती चुलीतली राख होती, तेलात घट्ट झालेली. मीही ओळखली.

खाला चहा घेऊन आल्या. चाचांनी खांद्यावरचा पंचा पाटीवर टाकला.

"दुल्हाभाई, काय झालतं त्याला?" खालांनी मेव्हण्याला विचारले.

"रबर गेलं होतं," चाचा म्हणाले. "जुनं झालं होतं. मलाच आधी जायला पायजे होतं."

खाला तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्या लई साफ ठेवलं होतं, दुल्हाभाई. येळच्या येळी राख टाकत होते, आमच्या घरी टाकतो तशी. तिला वास येऊ नये म्हणून."

चाचांनी चहाची बशी तोंडाला लावली, संपवली आणि खाली ठेवली.

"चांगलं केलं तुमी," ते म्हणाले.

मी चाचांकडे पाहिले. खरे ते मोठ्याने सांगावे, हे मी लहानपणापासून वाचत आणि छापत आलो होतो. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. खाला पदराने तोंड पुसून कप उचलायला लागल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "पेपरवाले, हे टाकून ये. मागच्या दारानं नक्को, तिथं त्या भांडी घासत बसतील. पुढून जा."

पुढच्या दाराने म्हणजे सगळ्या गल्लीतून. मी पाटी उचलली. पंचा सरकू नये म्हणून एक हात वर ठेवला आणि चालू लागलो. ओट्यावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले. कोणीतरी विचारले, काय रे, काय नेतोस? मी म्हणालो, जुने रबर.