आबांचा बारीक डोळा

लग्न होऊन या गल्लीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या म्हाताऱ्यानं मला डोळा मारला. मी जयसिंगपूरची. असलं काही खपवून घ्यायची सवय नाही. सरळ सासूबाईंकडे तक्रार केली. त्या पोट धरून हसल्या. "अगं, ते फोटूआबा! सगळ्यांकडं तसंच बघत्यात, म्हशीकडंसुदिक!" चाळीस वर्षं उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचा आणि डावा मिटायचा, त्यामुळे आबांचा डावा डोळा कायमचाच बारीक झाला होता. बोलताना, जेवताना, अगदी कुणाच्या मयताला गेले तरी तो तसाच.

आबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि छंद काय, तर म्हशींचे फोटो! दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गोंडे-घुंगरं बांधून म्हशी मिरवायला निघाल्या की आबा त्यांच्यापुढे उलटे चालत फोटो काढायचे. मग प्रत्येक गवळ्याला त्याच्या म्हशीचा फोटो घरी नेऊन द्यायचे. गंगावेशीकडच्या गोठ्यांत आजही ते फोटो देवांच्या ओळीला टांगलेले आहेत. त्यांचा हट्ट एकच. "काळी म्हस काळीच आली पायजे. पांढुरकी आली तर ती म्हस न्हवं, गाढाव."

जुना कॅमेरा दमला तेव्हा बेंगळुरूच्या मुलानं नवा पाठवला. हा आपोआप डोळे शोधणारा. माणसाचे, कुत्र्याचे, मांजराचे, पाखराचे डोळे म्हणे बरोब्बर धरतो. म्हशीचं नाव त्या यादीत नव्हतं. आबांनी फोकसची चौकट म्हशीवर ठेवली की ती टुणकन उडून मागच्या गवळ्याच्या तोंडावर जायची. एकदा तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यावर जाऊन बसली. "ह्या कॅमेरा करणाऱ्यांनी जन्मात म्हस बघितली न्हाय व्हय गं?" आबा वैतागून मला विचारायचे. "आन काळं दिसलं की ह्याला भ्या वाटतंय. लगी उजेड वाढवतंय!"

मी घरबसल्या लग्नपत्रिकांची डिझाइनं करून द्यायचं काम करते, त्यामुळे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर माझ्या हातातलं. "आणा इकडं, कॉम्प्युटरवर सगळं नीट होतं," मी म्हटलं. आबांना ते रुचलं नाही. "काट्यावर जे बसलं ते वजन. मागनं हात लावायचा न्हाय." पण मी ऐकते होय! त्या वर्षीचे पाडव्याचे तीस फोटो घेऊन बसले. म्हशी काळ्याकुळकुळीत केल्या, आभाळ निळं केलं, अंगावरची धूळ आणि रंगाचे शिंतोडे पुसले. नवे फोटो मूळ फोटोंवरच सेव्ह केले आणि कार्ड पुसून परत दिलं. आबांनी लांबूनच काळा रंग बघितला आणि "झ्याक!" म्हणाले. मी आठवडाभर फुशारक्या मारल्या.

फोटो छापून यायला संक्रांत उजाडली. तेवढ्यात शिवा गवळ्याची चंद्री, त्याच्या गोठ्यातली सगळ्यात लाडकी म्हैस, विताना अडून दगावली. शिवा या वेळी स्वतःच फोटो न्यायला आला तेव्हा मीही आबांच्या ओसरीवर होते. त्यानं फोटो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला आणि हळूच परत ठेवला. "आबा, ही आमची चंद्री न्हवं."

चंद्रीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. गवळी त्याला चांद म्हणतात. तिचं नावच त्यावरून पडलं होतं. आणि मी तो रंगाचा शिंतोडा समजून पुसला होता. मी माती खाल्ली होती! शिवाच्या फोनमध्ये चंद्रीचे फोटो होते, पण सगळ्यांत शिवाच पुढे आणि मागे नुसती शिंगं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, "माझी चूक झाली, शिवा. मी नीट बघितलं न्हाय." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा माझ्या दारात. "शिकीव मला." मी म्हटलं, "आबा, मीच करून देते की." तर म्हणाले, "तू पुसलंस, मी लावतो." माऊस त्यांच्या हातात ठरेना, टेबल संपायचं, पण बाण कपाळापर्यंत पोचायचा नाही. अकरा दिवस रोज दुपारी आले. हात बसला तेव्हा मी म्हटलं, आता लावा ठिपका. आबा तयार होईनात. "मला आठवतंय तिथं लावून चालंल व्हय? ज्याची म्हस त्याला बोलीव."

शिवा आला. म्हशीच्या आंबोणानं माखलेलं बोट त्यानं माझ्या स्क्रीनवर टेकवलं. "हितं. जरा डावीकडं. आन एवढा गोल न्हवं, खालनं निमुळता." आबा जीभ दातांत धरून एकेक ठिपका लावत होते. मधेच शिवानं स्क्रीनवरचं बोट काढून घेतलं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "आली." मी सरळ स्वयंपाकघरात पळाले आणि पदर डोळ्यांना लावून रडून घेतलं.

नवा फोटो छापून आल्यावर आबांनी मागे पेनानं लिहिलं, 'कपाळावरचा चांद हातानं लावला आहे. बाकीचं कॅमेऱ्यानं.' शिवा हसला. "आबा, भिंतीला लावल्यावर मागचं कोण वाचतंय?"

"भिंत वाचंल की!" आबा म्हणाले. त्यानंतर मी एकाही फोटोला विचारल्याशिवाय हात लावला नाही.

यंदा पाडव्याच्या आधी आबा गेले. मुलगा बेंगळुरूहून आला, पण गडबडीत होता, म्हणून तेराव्यासाठी फोटो करून आणायचं काम माझ्याकडे आलं. लॅबमधल्या माणसानं आबांचा चेहरा स्क्रीनवर मोठा केला. "ताई, डावा डोळा बारीक आलाय. एका क्लिकमध्ये दोन्ही सारखे करतो."

"हात लावायचा नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"अहो, पण डोळा मारल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे."

तेराव्याला शिवा दूध काढून तसाच आला. हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहिला, चंद्रीचा फोटो बघितला होता तसा बराच वेळ. मी मागे जीव मुठीत धरून उभी. मग त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "आबाच हाईत."