अर्धी ओंजळ खत

मुलांनो, काल सकाळी मी परसात रताळ्याचे वेल लावले. उपयोगी बुरशीची पूड पाण्यात कालवली, वेलांचे तुकडे त्यात बुडवले आणि ओळीने मातीत खोचले. ही बुरशी मुळांशी घरोबा करते. केसाहून बारीक धागे पसरून, मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणि अन्न ती आणून देते. वेल तिला आपली साखर देतो.

तेवढ्यात आजोबा खताने भरलेली ओंजळ घेऊन आले.

"अहो, अर्धंच टाका! सगळं आयतं मिळालं तर वेल बुरशीला विचारणारसुद्धा नाही."

"हे तू सांगतेस?" आजोबा हसले. "नातीला रोज जेवणभर फोनवर धरून ठेवणारी?"

मी मातीच्या हातांनी तशीच बांधावर बसले. ईरा, आता हे तुला सांगते: परदेशात तू एकटीच जेवतेस, म्हणून मी बोलत राहते. तुझं ताट मुकं राहू नये एवढंच मनात असतं. पण माझ्या आवाजाने खोली भरली, तर तू दार कशाला उघडशील? माया बंद करायची नाही, खतासारखी बेताने घालायची. हे वेलाच्या बाबतीत किती सोपं वाटतं!

आज तुझा फोन आला तेव्हा मागे कुणीतरी हसत होतं.

"आजी, शेजारच्या मुलींनी जेवायला बोलावलंय. पण तू बोल ना, त्या थांबतील."

बोलायचं खूप होतं.

"जा गं, त्यांचं जेवण गार होईल," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच फोन मी आधी ठेवला.