उंबऱ्याबाहेरचे सर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. पण ती सांगायची तर आधी मी शिकवायचो त्या शाळेतले गणिताचे सर सांगावे लागतील. अख्ख्या मुखेड तालुक्यात पोरांची परवानगी घेऊन वर्गात शिरणारा हा एकच मास्तर झाला. दुसरा होईल असं वाटत नाही.

घंटा झाली की सर नववी अ च्या दारात उभे राहून विचारायचे, "येऊ का आत?" सगळा वर्ग 'या सर' म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आतली भांडणं, बाकांवरचे ढोल थांबेपर्यंत हा माणूस खडूची डबी छातीशी धरून, सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यासारखा ताटकळत उभा. शेवटी पोरंच एकमेकांना दाबायची, "अय, गप की, सर उन्हात हायत." आम्ही स्टाफरूममध्ये चिडवायचो, "काय सर, मिळाली का आज एन्ट्री?" ते गंभीरपणे सांगायचे, "दोन मिनटात मिळाली. पोरं सुधारून राहिलीत." दंगा वाढेल तसा त्यांचा आवाज खाली जायचा, त्रिकोणमितीपर्यंत तो इतका उतरला की मागच्या बाकांवरचे टगे ऐकायला पुढं येऊन बसले. एकदा एकानं भर तासात शिट्टी मारली. सर म्हणाले, "सूर चांगला हाय तुमचा. उद्या परिपाठाला प्रार्थना शिट्टीवर होऊ द्या." दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेसमोर त्याचे ओठ कोरडे पडले, नुसती हवा निघाली. तेव्हा सर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि उरलेली प्रार्थना त्यांनी स्वतः शिट्टीवर वाजवली, अगदी बेसूर.

मी शेजारच्या नववी ब ला इतिहास शिकवायचो, छडी घेऊन. माझा वर्ग गप असायचा, मी असेपर्यंत.

त्या दिवशी मी नव्हतो. वर्ग सोडून प्रयोगशाळेत मोबाइलवर मॅच बघत बसलो होतो. मागं माझी पोरं बाकं आपटत होती, आणि नेमके संस्थेचे सचिव आले. त्यांना दिसले ते व्हरांड्यात उभे असलेले सर.

"बाहेर काय करताय?"

"आत दोघांचं भांडण मिटून राहिलंय. मिटलं की जातो."

तोवर मी मागच्या दारानं वर्गात शिरलो होतो. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढं सरकवला. "तुमचा वर्ग शेजारी. गोंधळ कुठं होता, लिहून द्या." मी लिहिलं, नववी अ. खाली सही केली.

सरांची बदली संस्थेच्या बिलोलीच्या शाळेत झाली. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं बिऱ्हाड हलवता येईना. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं ते रोज पहाटेच्या एसटीनं गेले. आमची शाळा सोडली त्या दिवशी माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "वाचलं मी. अक्षर सुरेख हाय तुमचं." टोमणा नव्हता त्यात. तेच सोसवलं नाही.

सर आता मुरुडला लेकीकडं असतात, असं कळतं. नंबर माझ्याकडं आहे; दोनदा लावला, रिंग वाजायच्या आत बंद केला. गोंधळ माझ्या वर्गात होता आणि मी तिथं नव्हतो, एवढं लिहून, सही करून, एक प्रत संस्थेला आणि एक सरांच्या हातात देणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.