व्हय, आगीच्या प्रकरणातली मीच

सोलापुरातल्या ज्या टॉवेल कारखान्यात मी शिलाईला होते, त्याचं गोदाम भर दुपारी पेटलं. आदल्या दिवशी रजेवरून मॅनेजरशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. तेवढं पुरलं. पोलिसांनी मला चौकशीला नेलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो. खाली ठळक अक्षरांत: ‘हिनेच लावली आग’. संशयित म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

पुढे तपासात निघालं, आग वायरिंगमुळं लागली होती. ती बातमी काही छापून आली नाही. मी पेपरच्या कचेरीत गेले, तर तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, “सुटल्याची बातमी कोण वाचतंय?”

गावी, वळसंगला, आई म्हणाली, “थोडे दिवस भाईर पडू नगंस. लोकं बगत्यात.”

“बगू देत की. मी काय केलंय?”

शहरातल्या एका केबल चॅनेलला बातमीदार हवा होता. अर्जात मी सगळं लिहिलं, आगीसकट. संपादकबाई म्हणाल्या, “हे लिहायची गरज नव्हती.”

“दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं.”

वर्षभर त्यांनी मला शाळांच्या स्नेहसंमेलनांना पाठवलं. मग मी हट्टानं गुन्ह्यांच्या बातम्या मागून घेतल्या.

पहिल्याच पत्रकार परिषदेत पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडलेली एक मोलकरीण आमच्यापुढे उभी केली. कॅमेरे वर झाले. मी विचारलं, “साहेब, पुरावा काय?”

अधिकाऱ्यांनी मला निरखलं. “तुम्ही त्या आगीच्या प्रकरणातल्या ना?”

मागं हशा पिकला. कान तापले माझे, पण मी बसले नाही.

“व्हय, मीच ती. म्हणून तर विचारतेय. पुरावा काय?”

“तपास चालू आहे.”

“मग चेहरा कशाला दाखवताय?”

त्यांनी दुसऱ्या बातमीदाराकडे बोट केलं. आमच्या बातमीत त्या बाईचा चेहरा नव्हता. माझा प्रश्न होता आणि अधिकाऱ्यांचं दुसरीकडे वळणं. संपादकबाईंना दोन रागाचे फोन आले. दोन्ही वेळा त्या एवढंच म्हणाल्या, “प्रश्न चुकीचा असेल तर सांगा.”

त्या मोलकरणीनं खरंच चोरी केली होती. कोर्टानं तिला दोषी ठरवलं, त्या दिवशी इतर बातमीदारांनी मला आवारातच गाठलं. “काय मॅडम, चोराची बाजू घेतली होती की तुमी!”

“बाजू न्हाय घेतली. पुरावा मागितला होता,” मी म्हणाले. “आज कोर्टानं सांगितलंय. आज देते की बातमी.”

आणि कॅमेऱ्यापुढे उभी राहून, तिच्या नावानिशी, ती मीच दिली.