उशाशी शत्रूची आई

अर्झेलाचा जबडा डावीकडे कललेला आहे. राजधानीतल्या साहेबांना वाटतं, जन्मापासूनच असेल. जन्मापासून कसला, माझ्या लेकाने बंदुकीच्या दस्त्याने मोडला तो.

आमच्या खाणीच्या खोऱ्यात ओढ्याकाठी विटांचं हॉस्पिटल आहे, खाणकामगारांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. अर्झेला तिथे रोग्यांची शौचाची भांडी ओतायला लागली, मग नर्स झाली आणि पुढे अख्खं हॉस्पिटलच तिच्या हाताखाली आलं. ती प्रमुख झाली आणि खाणीत संप लागला. खाणीच्या फाटकावर एकीकडे आमची माणसं, दुसरीकडे कंपनीचे पहारेकरी, आणि मध्ये छर्रे. दोन्हीकडचे जखमी एकाच वॉर्डात शेजारी शेजारी यायचे.

एका शनिवारी तोंडाला फडकी बांधलेले दोघे वर वॉर्डात चढले आणि पाय मोडून पडलेल्या माणसाला त्याच्या खाटेवरच उडवून गेले. भिंत अर्झेलाने स्वतः घासली. युनियनने निरोप धाडला, पुन्हा असं झालं तर कुलूप. दुसरं हॉस्पिटल डोंगरापलीकडे. तिथे पोचेपर्यंत पोटात गोळी लागलेला माणूस वाटेतच जायचा, आणि अडलेली बाईसुद्धा.

शेरीफने, म्हणजे खोऱ्याच्या पोलीसप्रमुखाने, दोन बंदूकवाले दारात बसवले. त्यांनी पहिल्याच दिवशी भाकरी घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला बदडलं. अर्झेलाने त्यांना हाकलून दिलं आणि माझ्या स्वयंपाकघरात आली.

माझा धाकटा दीर थॅड नुकताच फाटकावर मेला होता. थडग्यावरची माती अजून बसली नव्हती. त्याला मारणारा क्लेल नावाचा पहारेकरी त्याच झटापटीत पोटात छर्रे खाऊन वरच्या मजल्यावर पडला होता.

"वहिनी, क्लेलच्या उशाशी बसाल?" अर्झेला म्हणाली.

"लाज वाटत नाही तुला?"

"लाज मी केव्हाच भांड्यांबरोबर ओतली. आपल्या खोऱ्यातला बाप्या कोणालाही गोळी घालेल, जेवत्या ताटावरही घालेल. पण स्वतःच्या आईच्या अंगावरून नाही घालत. हा काही चांगुलपणा नाही, नुसती सवय आहे. मला तेवढी पुरते."

"आणि त्या मेल्याला मी दूध पाजू?"

"पाजू नका. नुसत्या बसा. तुमचा बर्लिन त्याला मारायला येणार, हे सगळं खोरं जाणतं."

ते मीही जाणत होते. बर्लिन माझा थोरला, काकाच्या खांद्यावर वाढलेला. तो खुनी झाला असता तर हॉस्पिटलला कुलूप लागलं असतं आणि त्याला फास. मी घेवड्याच्या शेंगांची टोपली उचलली आणि निघाले.

क्लेलच्या पोटातून पू वाहायला रबरी नळी बाहेर काढली होती आणि खोलीत घाण वास होता. त्याने डोळे उघडले. "तुम्ही कोण?"

"थॅडची वहिनी."

त्याने डोळे घट्ट मिटले.

"झोप. मी काही तुला चावत नाही, दात उरलेत कुठे," मी म्हटलं आणि शेंगा सोलू लागले.

तिसऱ्या प्रहरी जिन्यात आरडाओरडा झाला. अर्झेला वाटेत हात पसरून उभी होती. बर्लिन म्हणाला, "सरक." ती सरकली नाही. मग वाळलेलं मक्याचं ताट मोडावं तसा आवाज आला. मी तो खोलीत बसून ऐकला.

तो आत आला तेव्हा त्याच्या बाहीवर तिचं रक्त होतं. त्याने बंदूक रोखली आणि मग मला पाहिलं.

"आई, बाजूला हो."

"शेंगा सांडतील."

"थॅडकाका गेला, आणि तू याच्याजवळ बसतेस?"

"मी तुझ्याजवळ बसलेय, गाढवा. हा फक्त मध्ये पडलाय."

त्याने बंदुकीची नळी फिरवली आणि कोपऱ्यातल्या चिनी मातीच्या घंगाळावर बार काढला. कपच्या उडाल्या, एक माझ्या गालात रुतली. बर्लिन तिथेच जमिनीवर बसला आणि रडू लागला. अर्झेला दारात आली. जबडा लोंबत होता, दोन दात मुठीत. तिला बोलता येईना. तिने त्याच्या मांडीवरची बंदूक उचलली आणि बोटाने झाडू दाखवला. त्याने कपच्या झाडल्या. मग शेरीफ त्याला घेऊन गेला.

क्लेल वाचला. कुलूप लागलं नाही.

पुढे राजधानीतल्या आरोग्य समितीने अर्झेलाला बोलावलं. जबडा वाकडाच जुळलेला, शब्द दातांमधून गाळून येत होते. शत्रूची आई उशाशी बसवा, असं तिने सांगितलं तेव्हा एका साहेबाने विचारलं, "बाई, ही बाई अंदाजपत्रकात कुठल्या नावाने दाखवायची?"

"खुर्ची लिहा," ती म्हणाली. "खुर्चीला पगार लागत नाही."

डोंगरातल्या चार हॉस्पिटलांना खुर्च्या मंजूर झाल्या. मग समितीनेही तिला आपल्यातली एक दिली, मोठी, गादीची. तिच्यावर मात्र ती फारशी बसली नाही.

बर्लिन सुटून खाणीत लागला, आणि एक दिवस छत कोसळलं. त्याच्या फासळ्या मोडल्या. क्लेलवर बंदूक रोखली म्हणून, तो कैदेतून सुटल्यापासून क्लेलचे भाऊ त्याच्यावर टपून होतेच. आता तर तो अंथरुणाला खिळला होता. मी धावत हॉस्पिटलात वर गेले तर त्याच्या उशाची खुर्ची भरलेली. क्लेलची आई ऑर्फा तपकीर ओठात दाबून बसली होती, मांडीवर सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"खा," ती बर्लिनला म्हणाली.

"विष नाही ना घातलं?"

"घातलं असतं तर आधी तुझ्या आईला चारलं असतं. मोड तुकडा."

अर्झेलाने दारातून डोकावलं. वाकड्या तोंडाने विचारलं, "खुर्ची भरली?"

"भरली," मी म्हटलं.

"मग तुम्ही खाली जा, वहिनी. क्लेलचे भाऊ दारात आलेत. त्यांना सांगा, आई वर आहे."