पट्ट्यांखालचं शेवटचं पान

मनीषाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत राजापेठेतल्या दुकानात एका भजनी मंडळाच्या पेटीचा भाता चिकटवत होतो. जुन्या नोटेशनचं शेवटचं पान काही मिळून नाही राहिलं, असं ती सांगत होती. रेकॉर्डिंगवाले पुण्याहून पंधरा दिवसांत येणार होते आणि अर्धवट चीज आम्ही घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. "शोध, सापडेल," म्हणून मी फोन ठेवला. पान कुठे आहे हे मला त्याच क्षणी आठवलं होतं.

मी पेट्या दुरुस्त करतो आणि पियानो ट्यून करतो. वऱ्हाडात पियानो असून असून किती असणार? त्यातला एक अकोल्याच्या जुन्या क्लबात आहे, कापसाच्या व्यापारातल्या कुणा गोऱ्या साहेबानं आणलेला. सतरा वर्षं त्याची देखभाल मीच करतो. मनीषा तायडे अकोल्यात शाळेत संगीत शिकवते. पियानोवर पहिल्यांदा बोटं तिनं माझ्याच दुकानात ठेवली.

तिला क्लबातल्या पियानोच्या स्टुलात, बैठकीखालच्या खणात, हातानं लिहिलेलं नोटेशन सापडलं. एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या दिवाणखान्यात पाहुणे जमले की घरातली बाई पियानोवर हलकंफुलकं काही वाजवायची. त्याला सलॉन म्युझिक म्हणतात. ही चीज अकोल्यात राहिलेल्या कुणा मडमेनं स्वतः रचलेली. नाव 'चिखलदरा वॉल्ट्झ', वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावरचा नाच. कधी छापली नाही, दुसरी प्रत नाही. पेपरात मनीषाचा फोटो आला. लोक मलाच फोन करून सांगू लागले, तुमच्या विद्यार्थिनीनं नाव काढलं.

मला मिरच्या झोंबल्या. त्या स्टुलावर सतरा वर्षं मी बसलो होतो. खण उघडून ते कागद पाहिलेही होते. रद्दी आहे म्हणून सोडून दिले. गाढवाला गुळाची चव काय!

नुसते सोडून दिले असते तरी चाललं असतं. पियानोची प्रत्येक पट्टी मध्ये एका खिळ्यावर टेकलेली असते आणि सी-सॉसारखी खालीवर होते. एखादी पट्टी खाली बसली, तर खिळ्यात कागदाची गोल चकती अडकवून ती उचलतात. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, मध्ये भोक. एका मे महिन्यात अकोल्याच्या उन्हानं लाकूड आकसून पंचवीस-तीस पट्ट्या खालीवर झाल्या होत्या. माझ्याकडच्या चकत्या संपलेल्या. अमरावतीला परत कोण जाणार? स्टुलातला एक जाड कागद घेतला, पंच ठोकला आणि चकत्या पाडल्या. गड्डीतलं सगळ्यात खालचं पान होतं ते. त्या पट्ट्या वाजवत मनीषा रोज त्याच पानावर रियाज करत होती.

चार दिवस मी गप्प बसलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. रेकॉर्डिंग झालं नसतं, तर पेपरातला फोटोही लोक विसरले असते. शिवाय सांगायचं कसं? माझ्या धंद्यात हात जपून चालतो एवढंच तर नाव आहे.

जेवताना बायकोनं विचारलं, तोंड का पाडून बसलात? मी सगळं सांगितलं. ती पोळी लाटत होती, वर बघितलंही नाही.

"पोरगी पुढे गेली म्हणून जळून राहिले तुमी. जा अन् देऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अकोला गाठलं. मनीषाला क्लबात बोलावून घेतलं, एकेक पट्टी काढली आणि चकत्या टेबलावर मांडल्या. सव्वीस निघाल्या. कुठे अर्धा सूर, कुठे नुसती रेघ. मनीषानं एक चकती उजेडाकडे धरली.

"हे कोनं कापलं, सर?"

"मीच."

तिनं चकती बाकीच्यांशेजारी ठेवली आणि म्हणाली, "नव्या चकत्या आणल्या ना? मग तुमी पट्ट्या बसवा, मी हे जुळवते."

तिला संध्याकाळ झाली. वॉल्ट्झमध्ये डाव्या हाताचं तेच तेच येतं, म्हणून बरंचसं लागलं. शेवटच्या चार ओळींचं मात्र काहीच हाती आलं नाही. चकत्या पाडून उरलेला तो कागद तेव्हाच कचऱ्यात गेला होता. त्या ओळी मनीषानं घरी बसून स्वतः लिहिल्या आणि तसं रेकॉर्डिंगवाल्यांना आधीच सांगितलं. ते आले.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. वाजवून झाल्यावर पुण्याचे साहेब म्हणाले, शेवट पुन्हा एकदा ऐकवा. नेमका तोच भाग, तिनं लिहिलेला! मग मनीषानं माझ्याकडे हात करून सांगितलं की शेवटचं पान सरांनी काढून दिलं. आत कुणी घातलं होतं, हे ती बोलली नाही. टाळ्या झाल्या. मला उभं राहून नमस्कार करावा लागला.

तिच्या बोटांचा हेवा मला आधीपासून होता. त्या दिवशी तिच्या मनाचाही वाटला, आणि त्याला आपल्याकडे काही इलाज नाही. आता माझ्या बॅगेत चकत्यांची दोन पाकिटं जास्तीची असतात. आणि पंच मारण्याआधी मी कागद वाचतो, मग तो किराण्याचा कागद का असेना.