पाचव्या माळेचा कंदील

आश्विन शुद्ध पंचमी, सकाळ. हजर: मी, माझे पती मिलिंद, आमची शाळकरी मुलगी सई, कोर्टाच्या बेलिफबाई, कुलूप बदलणारा माणूस आणि दोन पोलीस. शिवाय देव्हाऱ्यापुढे बसवलेला नवरात्राचा घट आणि त्याच्याजवळ तेवणारं निरांजन.

कामाची सुरुवात अशी नोंद करून करायची मला सवय आहे. नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावात आम्ही भाड्याने राहत होतो. घरमालकाने बँकेला न विचारता घर आम्हाला दिलं होतं. त्याचे हप्ते थकले, बँकेने घराचा ताबा मागितला आणि कोर्टाने आम्हाला घर रिकामं करायला सांगितलं. दसऱ्यापर्यंत थांबावं असा अर्ज वकिलांनी केला होता. मुदत नक्की मिळेल या भरवशावर मी घट बसवला. तिसऱ्या माळेला नकार आला.

घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात शिकवलं होतं. नंतर नोकऱ्या बदलल्या, देश बदलला, ही रीत मोडली नाही. आता मैत्रीण वैशालीने तिची माळ्यावरची खोली देऊ केली होती. खोकी भरली, त्यांवर नावं घातली, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये ठेवले. यादीतल्या एकाच ओळीपुढे काय लिहावं ते सुचत नव्हतं: घट आणि दिवा. सामानाची मला काळजी नव्हती. हा दिवा आपल्या हातून विझला तर पुढे आपलं कुठेच बस्तान बसणार नाही, असं मनाने घेतलं होतं. दोन दिवस घास उतरत नव्हता. देवीपुढे बसले तरी जप सुटायचा आणि खोकी मोजली जायची.

इथे बेलिफबरोबर पोलीस येतात. त्यांतला एक पगारी, पूर्णवेळ पोलीस होता. दुसरा स्वयंसेवक, म्हणजे एरवी स्वतःची नोकरी सांभाळून अधूनमधून गणवेश घालणारा. सईने त्याला ओळखलं. तिच्या मैत्रिणीच्या स्काउट गटाचा तो प्रमुख.

"हौशी पोलीस," मिलिंद पुटपुटला. "रजा काढून लोकांना घराबाहेर काढायला आलाय."

"बाबा, ही कॅन हिअर यू."

"ऐकू दे. मराठी कुठे कळतंय त्याला."

मलाही तो माणूस तेव्हा नकोसा वाटला. ज्याचं हे पोटापाण्याचं काम आहे त्याचं मी समजू शकत होते.

बेलिफबाई तुसड्या नव्हत्या. पण दिवा पाहून म्हणाल्या, घरात उघडी ज्योत असताना सामानाची ने-आण करता येणार नाही, विझवा. मी समजावायला गेले आणि इतक्या वर्षांत शिकलेलं डच ऐन वेळी तोंडातून फुटेना. तेव्हा सई पुढे झाली. पूजेच्या वेळी फोनमध्ये डोकं घालून बसणारी माझी मुलगी स्वच्छ डचमध्ये सांगत होती, आज पाचवी माळ आहे, हा दिवा मध्येच विझवत नाहीत, आणि आई दोन दिवस जेवलेली नाही. तिला एवढं सगळं ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

तो स्वयंसेवक दिव्यापाशी उकिडवा बसला. मग बेलिफबाईंना म्हणाला, "बाकीचं निघू दे. हे शेवटी." आणि त्याने बायकोला फोन लावला. सामान निघत होतं तोवर ती सायकलवरून एक काचेचा कंदील घेऊन आली. दर नाताळात त्यांची स्काउटची मुलं लांबून एक ज्योत पेटती आणतात, त्यासाठीचा तो कंदील. आतली मेणबत्ती काढून त्याने जागा केली. मी निरांजन आत ठेवलं. ते जेमतेम बसलं.

मिलिंदने परडीसकट घट उचलला, मी कंदील. बाहेर सोसाट्याचा वारा होता. तो स्वयंसेवक पोलीस वळणापर्यंत आमच्यापुढे चालला. पडदे सारून बघणाऱ्या शेजाऱ्यांना वाटलं असेल, यांना धरून नेताहेत. मला मात्र त्या क्षणी देवीची पालखी आठवली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेता आला.

सईने त्याला विचारलं, हे काम तू का करतोस? तो म्हणाला, "आज कोणीतरी येणारच होतं. म्हटलं, आपण जावं."

वैशालीकडे पोचल्यावर सासूबाईंना फोन केला. घट हलवला, हे सांगताना आवाज चिरकला.

"दिवा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग रडतेस कशाला? तू नाही हलवलास, तीच निघाली तुमच्याबरोबर. सगळं तूच ठरवायला हवं का गं?"

सगळं मीच ठरवायचं असतं, असंच मी आजवर धरून चालले होते. त्या सकाळी माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि जे हवं होतं ते दारातूनच आत आलं, ज्याला मी आत घ्यायला तयार नव्हते त्याच्या हातून. याला काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं. मी नमस्कार करते.

दसऱ्याला घटातले अंकुर तिघांच्या डोक्यावर ठेवले, थोडे कागदात जपून ठेवले. माळ्यावरच्या खोलीत अजून आमचा मुक्काम आहे आणि घराचा शोध चालू आहे. कंदील दसरा झाला की परत आणून देते, असं मी त्या स्वयंसेवकाला म्हटलं होतं, पण वळणावर निरोप घेताना तो म्हणाला होता, "घाई नाही. स्वतःचं घर मिळालं की आणून दे."

काच पुसून ठेवली आहे. अंकुर आत ठेवले आहेत. कंदील द्यायचा राहिला आहे.